काथवट आणि काळू नदीचं सोनं

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, त्यातही दुसरी दोनदा. तरी अक्षर वाकडं दिसलं तर दोष शाळेला देऊ नका. उघड्या हातानं तीस वर्षं पारा चोळला की बोटं मालकाचं ऐकेनाशी होतात. हा अंक काढणारे गृहस्थ घरी आलेले. म्हणाले, "आजोबा, तुमचा धंदा आता राहिला नाही, चार आठवणी लिहून द्या." मी म्हटलं, "धंदा राहिलाय, मी राहिलो नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "आंबिवलीजवळ सोन्याची खाण निघालेली, ती तुम्ही बघितलीत म्हणे?"

बघितली? अहो, ती खाण मीच काढली आणि मीच बुडवली. मधल्या अडीच महिन्यांत तिथं तीसेक झोपड्या, दोन चहावाले आणि एक न्हावी एवढी वस्ती झाली. लोक तिला सोनेवाडी म्हणायचे. तिचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण नीट लिहिता येणारा एकच माणूस तिथं होता आणि तो नंतर माझ्याशी बोलेनासा झाला. म्हणून हे काम तिसरीवाल्यावर आलं.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही झारेकरी. सोनार सोनं कापतो, कानस मारतो, त्याचा कीस उडतो. तो त्याच्या धोतरात जातो, शेगडीच्या राखेत जातो, पायरीखालच्या गटारात जातो. तो सगळा केर आणि गाळ आम्ही सोनाराकडून विकत घ्यायचा. घरी आणून जाळायचा, कुटायचा आणि लाकडी काथवटीत पाणी घालून घोळायचा. हलकं ते पाण्याबरोबर जातं, जड ते तळाला बसतं. तळच्या काळ्या रेतीत पारा चोळायचा. पारा सोन्याला मिठी मारतो. मग पारा विस्तवावर उडवला की मागं सोनं उरतं. एवढंच शास्त्र. बाकी सगळी मनगटाची लचक. माझा बाप इतका पक्का झारेकरी, की सोनार दुपारी चूळ भरून गटारात टाकायचा तेव्हा तो त्या चुळीकडंसुद्धा आदरानं बघायचा.

काथवट म्हणजे तुमच्या घरी भाकरीचं पीठ मळायला असते तशीच, पण हातभर मोठी, उथळ, शिवणीच्या झाडाच्या एका खोडातून कोरलेली. आमची बापानं कोरली तेव्हा पिवळसर होती म्हणे. मला कळायला लागलं तेव्हा ती तव्यासारखी काळी होती. तिचे नियम तीन. ती कोणाला द्यायची नाही. ती कधी घासायची नाही, नुसती विसळायची. आणि घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की लग्नाच्या आधल्या दिवशी ती जाळायची. कारण वीस-पंचवीस वर्षांत लाकडाच्या रेषारेषांत, चिरांत सोन्याची धूळ बसलेली असते. ती हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण राख धुतली की निघते. त्या सोन्याच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या करायच्या. मुलगी सासरी जाते ती बापाच्या धंद्याचा तळ गळ्यात घालून.

बाप गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा आणि माझी बहीण तुळसा बारा वर्षांची. आई आधीच गेलेली. बापानं जाताना मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता म्हणेल गंगाराम, तूच घराचा आधार. बाप म्हणाला, "गंग्या, काथवट तुळशीची आहे. तू धू तिच्यात, पण ती तुळशीची." आणि डोळे मिटले. माझ्याविषयी काही बोलला नाही याचा राग मला अजून आहे.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा तुळसाचं लग्न ठरलं. मुलगा माजिवड्याचा. सासराही झारेकरी, नौपाड्यातल्या सोनारांचा केर त्याच्याकडं असायचा. मोठा ताठ म्हातारा. म्हणाला, "आम्हाला हुंडा नको, पातळ नको, जेवणावळ नको. काथवटीच्या वाट्या पाहिजेत. त्या बघून कळतं घराणं किती जुनं ते." मी छाती पुढं काढून म्हटलं, "बघून डोळे दिपतील." लग्न वैशाखात धरलं. हे झालं दिवाळीनंतर.

आणि पौषात पदू आला.

पदू आंबिवलीकडचा आगरी. काळू नदीच्या काठावर त्याची थोडी जमीन, आणि पाणी उतरलं की नदीतल्या वाळूत तो कलिंगडं लावायचा. त्याची कलिंगडं कल्याणच्या बाजारात नावानिशी जायची. तो आमच्या कल्याणच्या दारात आला तो खांद्यावर गोणपाटाची पिशवी घेऊन. इकडंतिकडं बघून दार लोटून घेतलं.

"गंगाराम, यो बग रं. वेलाच्या आल्यात पानी घालताना वाळू चमकत व्हती. मना खरा सांग, यो सोना हाय का?"

मी वाळू हातात घेतली. पिवळे पिवळे कण चमकत होते खरे. तो कसला तरी खडा होता, चुरडला की पीठ व्हायचा. सोनं चुरडत नाही, चपटं होतं, हे आमच्यातलं रांगणारं पोरही सांगेल. मी तिथंच म्हणायला हवं होतं, "पदूदादा, हा दगड आहे, घरी जा." पण लोटलेलं दार ढकलून आळीतली चार माणसं कुतूहलानं आत आलेली. चार माणसं समोर असली की मला नुसतं 'नाही' म्हणवत नाही. मी म्हटलं, "असं बघून सांगायला मी काय ज्योतिषी आहे? धुऊन सांगतो."

ओटीवर बसलो. काथवटीत वाळू घेतली, पाणी घेतलं, मनगट सोडलं. वाळू घरघर घरघर वाजायची. आमचा गाळ मऊ, राखेचा, त्याला आवाज नसतो. मला तो आवाज आवडला. चार माणसांना तर फारच आवडला. शेवटचं पाणी काढलं, आणि तळाला नखाच्या कोरीएवढं पिवळं. तेजाब टाकलं. काही झालं नाही. म्हणजे खरं सोनं!

मला घाम फुटला. पण चेहऱ्यावर असा भाव आणला की हे मला वाळू बघितली तेव्हाच माहीत होतं.

"सोनं आहे," मी म्हटलं.

पदू मटकन खाली बसला. "आयव! माज्या कलिंगराखाली?"

दुसऱ्या दिवशी तो कण मी आमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडं, नानू सोनाराकडं नेला. नानूनं कसोटीवर घासला, डोळ्याजवळ धरला. म्हणाला, "गंगाराम, हे नदीचं नव्हे. यात डाख आहे."

डाख म्हणजे दागिना जोडायला सोनार वापरतात तो मिसळ धातू. तो नदीत कुठून येणार? नानू शहाणा माणूस, त्याला पुढचं बोलायचं होतं. पण मी त्याला बोलू दिलं तर ना. म्हटलं, "नानूशेठ, पुरात कुणाचे दागिने वाहून गेले असतील, ते झिजून झालेली ही धूळ. नदीला काय डाख कळतो?" नानूनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि पान लावायला घेतलं.

हे पुरात गेलेल्या दागिन्यांचं मी उगाच ठोकून दिलेलं. ते आंबिवलीला पोचेपर्यंत एका राणीची होडी बुडालेली. आठवड्यानं होड्या तीन झाल्या. शिमग्यापर्यंत तर राणीचं नाव, माहेर आणि बुडताना ती काय बोलली तेही लोकांना पाठ झालेलं.

मी काथवट घेऊन नदीवर जाऊन बसलो, आणि माणसं येऊ लागली. आधी पदूच्या भावकीतली, मग मिठागरांवर काम करणारी, मग देशावरून गिरणीत नोकरी शोधायला आलेली आणि न मिळालेली. झोपड्या उठल्या. कल्याण कॅम्पातून, निर्वासितांच्या छावणीतून, मूलचंद नावाचा सिंधी डोक्यावर टोपलं घेऊन यायचा. फाळणीत देश सोडून येताना त्याचं दुकान तिकडंच राहिलेलं. तो पापड, साबण, इनॅमलच्या ताटल्या, विड्या, जे लागेल ते विकायचा. सोनेवाडीत सोनं कोणाला मिळालं असेल तर मूलचंदला. खणताना तो कधी वाकला नाही. मी एकदा म्हटलं, "मूलचंद, तू का खणत नाहीस?" म्हणाला, "साईं, हम एक दफा सब जमीन में छोड़के आया. अब जमीन का भरोसा नहीं."

आणि भाऊसाहेब. हे डोंबिवलीचे. बोरीबंदरच्या एका ऑफिसात कारकून. काळा कोट, टोपी, बगलेत छत्री. रविवारी म्हणून आले आणि मग महिनाभराची रजा टाकून राहिले. कोट घालूनच खणायचे. वस्तीचे नियम त्यांनी लिहून काढलेले: कोणी कुठं खणायचं, वाद झाला तर कोणी सोडवायचा. शेवटचा नियम असा, की सोनं आहे की नाही याचा निवाडा फक्त गंगाराम झारेकरी यांनी करायचा. तो कागद त्यांनी मला वाचून दाखवला तेव्हा मी मान हलवली, जशी राजे लोक हलवत असतील.

कारण एक चमत्कार असा होता, की सोनं निघायचं ते फक्त माझ्या हातानं. लोकांनी घमेल्यात धुवून बघितलं, पराती आणल्या, कढया आणल्या. नुसती वाळू. तीच वाळू माझ्या काथवटीत घातली की पिवळे दोन कण तळाला हजर! आता तुम्ही घरात बसून हे वाचताय, तुमच्या लक्षात आलं असेल. मी तिथं रोज बसलेला होतो, माझ्या नाही आलं. मी लोकांना मनगटावर व्याख्यानं दिली. "घमेलं वाईट नाही," मी म्हणायचो, "हात वाईट आहे." भाऊसाहेबांना मी आठ दिवस रिकामी परात हलवायला लावली. बिचारे पदवीधर माणूस.

आमच्या धंद्यात दुसऱ्याचा माल धुतला तर निम्मा हिस्सा आपला. पण मी हिस्सा घेतला नाही. मला आग्रह झाला, तरी मी हात वर करून म्हटलं, "या मातीचं सोनं या मातीच्या लोकांचं. गंगारामला दोन वेळची भाकरी पुरे." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी विकत घेतल्या, आणि त्यांची किंमत कोण देत होतं ते पुढं येईलच. जे काही कण निघायचे, ते मी ज्याची पाटी त्याच्या चिंधीत बांधून द्यायचो. बायका ती चिंधी कनवटीला लावायच्या.

माघ संपता संपता सोनं कमी झालं. दोन कणांचा एक झाला, मग दोन दिवसांत एक. लोक माझ्या तोंडाकडं बघायचे. 'मला माहीत नाही' हे शब्द मला कधी जमले नाहीत. मी नदीवर नजर फिरवली, आणि बोट दाखवलं. "सोन्याची शीर वर सरकली. तिथं खणा."

ते बोट पदूच्या कलिंगडांवर होतं. वेल फुलावर आलेले, काही फळं मुठीएवढी झालेली. पदूनं माझ्याकडं बघितलं. "तिथंच हाय का रं? पका?"

"तिथंच."

त्यानं स्वतःच्या हातानं पहिला वेल उपटला. संध्याकाळपर्यंत आळी राहिली नाहीत. नुसते खड्डे. त्या खड्ड्यांतून पाटी पाटी वाळू आली, मी धुतली, आणि एक कण निघाला. मी तो असा उंच धरला की जसा काही सूर्यच मी काढलाय.

इकडं भाऊसाहेबांची रजा संपत आलेली. त्यांनी राजीनामा लिहून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेला. "येत्या सोमवारी देतो," ते मला म्हणाले. "अहो झारेकरी, माझे वडील कारकून, मी कारकून. कोणीतरी एकानं उठायला नको का?" घरी बायको, तीन मुली. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "मर्दासारखं बोललात."

सोमवारच्या आधीच्या गुरुवारी तुळसा भाकरी घेऊन आली. एरवी ती यायची नाही, लग्न ठरलेली मुलगी. पण त्या दिवशी भाकरी आणणारी शेजारीण आजारी होती. मी काथवट उन्हात उपडी ठेवलेली. तुळसानं ती उलटी केली आणि तशीच धरून उभी राहिली.

"दादा, काथवट गोरी झाली."

"उन्हानं झाली असेल."

"ऊन पाठीला लागतंय. गोरी पोटात झालीय."

मी बघितलं. खरंच. आत काळेपणा राहिला नव्हता. पिवळसर लाकूड दिसत होतं, बापानं नवीन कोरली तेव्हा असेल तसं. बापाचा नियम काय? घासायची नाही. आणि मी अडीच महिने तिला नदीच्या खरखरीत वाळूनं सकाळ-संध्याकाळ घासत होतो. तो घरघर आवाज, जो मला एवढा आवडायचा, तो काथवटीच्या पोटातलं तुळसाचं सोनं खरवडल्याचा होता.

मूलचंदच्या टोपल्यातली एक इनॅमलची ताटली तुळसानं मागून घेतली. माझ्या पुढच्याच ढिगातली वाळू घेतली आणि धुतली. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, हे मी आज लिहितोय, तेव्हा मेलो असतो तरी म्हटलं नसतं. ताटलीत काही निघालं नाही. मग ती म्हणाली, "माझ्या वाट्या वाटल्यास तू. लोकांना. चिंध्यांत बांधून."

"तुळशे, अजून खात्री कुठं..."

"दादा."

एवढंच. मला बापाचा आवाज ऐकू आला.

ताटली खाली ठेवून ती म्हणाली, "माझं काय व्हायचं ते होईल. पण तो कोटवाला सोमवारी नोकरी सोडणार म्हणतात. त्याला मुली आहेत. आज सगळ्यांना सांग."

"काय सांगू?"

"चुकलो म्हण."

हा शब्द मी तोवर एकदाच उच्चारला असेल, तोही दुसऱ्याला उद्देशून. पण ती तिथून हलेना. शेवटी मी एका खडकावर चढलो, लोकांना बोलावलं आणि म्हटलं, "मंडळी, या नदीत सोनं नाही. जे निघालं ते माझ्या काथवटीतलं. मी... हे... माझा अंदाज थोडा इकडंतिकडं झाला."

"चुकलो म्हण," खालून तुळसा.

"चुकलो."

आणि काय सांगू तुम्हाला, कोणी विश्वास ठेवला नाही! खोटं बोललो तेव्हा तीस झोपड्या उठल्या, खरं बोललो तर एकसुद्धा हलेना. न्हावी ओरडला, "एकट्याला खायचंय याला!" कोणी म्हणालं, "बहिणीचं लगीन आलं तशी नियत फिरली." पदू तर हसायलाच लागला. "गंगाराम, तू आनि चुकला? तू चुकनारा मानूस नाय रं!" अडीच महिने मी जे त्यांच्या डोक्यात घातलेलं, तेच माझ्या अंगावर आलं.

भाऊसाहेब मात्र हुशार. म्हणाले, "सिद्ध करा. मी उद्या डोंबिवलीहून वाळू आणतो. शेजारी घर बांधताहेत, त्यांच्या ढिगातली. ती धुवा. त्या वाळूत सोनं असायचं कारण नाही. निघालं तर तुमचं खरं."

दुसऱ्या दिवशी ते छत्रीत वाळू भरून आले. सगळी वस्ती गोल उभी, तुळसाही. मी धुतली. तळाला एक कण. मी कपाळाचा घाम पुसून म्हटलं, "बघा! आता तरी पटलं?"

मग मागून एकजण किंचाळला, "डोंबिवलीतपण सोनं हाय!"

आणि तीस-पस्तीस माणसं भाऊसाहेबांकडं वळली. कुठल्या गल्लीत? कुठल्या बाजूला, पूर्वेला का पश्चिमेला? न्हाव्यानं तर पेटी उचललीसुद्धा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाऊसाहेबांच्याच डोळ्यांत मला ते दिसलं. ते स्वतःच्या छत्रीकडं बघत होते. मला वाटलं, आता डोंबिवली खणली जाणार आणि तिलाही मीच कारण.

तेव्हा तुळसा पुढं आली. पदूच्या झोपडीबाहेर लाकडं फोडायची कुऱ्हाड पडलेली, माझ्याकडं एकदा बघून ती तिनं उचलली. माझ्या हातातली काथवट ओढून घेऊन खडकावर ठेवली. मी ओरडलो, "तुळशे, थांब! त्यात जे काही राहिलंय..." तिनं घाव घातला. शिवणीचं लाकूड मऊ असतं. दुसऱ्या घावाला दोन फाका झाल्या.

तिनं एक फाक उन्हात धरून पदूच्या नाकासमोर नेली. आडव्या चिरीच्या आत, जिथं वाळू पोचली नव्हती, तिथं केसाएवढी बारीक पिवळी रेघ चमकत होती.

"बघा," ती म्हणाली. "ही तुमची नदी."

ती लाकडाची फाक हातोहात फिरली. भाऊसाहेबांकडं आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, रेघ बघितली. खिशातून राजीनामा काढून चार तुकडे केले. माझ्याकडं न बघता छत्रीतली उरलेली वाळू झटकली आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागले. ते माझ्याशी बोलले त्यातलं शेवटचं वाक्य म्हणजे 'तुमचं खरं'.

दोन दिवसांत सोनेवाडी मोडली. जाताना प्रत्येकानं मला एकेक शिवी दिली, आणि मी त्या घेतल्या. त्यात मात्र हिस्सा नाकारला नाही. मूलचंदनं शिवी दिली नाही. तुळसाकडून ताटली परत घेतली नाही. म्हणाला, "बहन, शादी का." मला म्हणाला, "साईं, तुम्हारा दुकान भी गया अब."

लग्नाच्या आधल्या दिवशी दोन्ही फाका जाळल्या. राख धुवायला नवी काथवट कोरायचं माझं धाडस होईना, म्हणून मूलचंदच्या ताटलीतच धुतली. सगळं मिळून निघालं ते एका मण्यापुरतं. वाट्या लांबच राहिल्या. मी ओटीवर डोकं धरून बसलेलो, तर दारात पदू. त्यानं कनवटीची चिंधी सोडली आणि माझ्या अंगावर फेकली.

"घे. तुजी धूल तुलाच."

"पदूदादा, मी..."

"तुज्यासाठी नाय. पोरीनं स्वताचा सोना कुराडीनं फोरला, माज्या डोल्यासमोर." आणि जाता जाता वळून म्हणाला, "कलिंगरा कवा देतंस?"

ती मी कधीच दिली नाहीत. पुढच्या वर्षी त्यानं परत लावली. बाजारात भेटला की एक कलिंगड माझ्या हातात ठेवायचा आणि वाजवून बघायला सांगायचा. "सांग, पिकलाय का? तू तर सगला आतला बगतंस." सगळ्या बाजारासमोर. दरवर्षी.

पदूची चिंधी मिळून एक वाटी झाली. एकच. नानू सोनारानं ती करून दिली, मजुरी घेतली नाही, आणि 'डाख' हा शब्दही काढला नाही, जे मला जास्त लागलं.

माजिवड्याच्या मांडवात सासऱ्यानं मंगळसूत्र हातात घेतलं. एक वाटी! भोवती त्यांची सगळी भावकी, सगळे झारेकरी, सगळ्यांच्या नजरा त्या एका वाटीवर. म्हातारा माझ्याकडं वळला. "गंगाराम, वीस-पंचवीस वर्षांच्या काथवटीचं हे एवढंच?"

मी तयारी करून आलेलो. शब्द आता मला येत होता. तोंड उघडलं, "मामा, माझं चुक..."

"मामंजी," तुळसा मान खाली घालूनच म्हणाली, "हे काथवटीचं नाही. काथवटीचं तर सगळ्यांकडंच असतं. हे काळू नदीचं सोनं आहे. दादानं शोधून काढलेलं. म्हणून कमी आहे."

म्हाताऱ्यानं कनवटीची कसोटी काढली. मी देवाचं नाव घेतलं. त्यानं वाटी घासली, रेघ उन्हात धरली, डोळे बारीक केले. भावकी वाट बघत होती. चार माणसं समोर असली की काय होतं ते मला माहीत आहे.

"नदीचंच," म्हातारा म्हणाला. "कसच वेगळा आहे. आपल्याला बघितल्याबरोबर कळतं."

झारेकऱ्याचा हट्ट बाहेरून कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सुंदर दिसतो हो.

आता काळूच्या त्या काठावर काय आहे ते मी बघायला गेलो नाही. पदू वारला. तुळसा शाळेत कधी गेली नाही, म्हणून हे बिनधास्त लिहिलं. तिला कोणी वाचून दाखवू नका.

परवा तिच्या नातीचं लग्न झालं, माजिवड्यालाच. तीच वाटी तुळसानं नातीच्या गळ्यात घातली आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काळू नदीचं सोनं आहे हे. हे बसलेत ना खुर्चीत, माझे दादा, त्यांनी काढलेलं." नवरा मुलगा कॉलेजात शिकवणारा. तो माझ्याकडं वळून हसला आणि म्हणाला, "आजोबा, आपल्याकडच्या दगडात सोनं नसतं ना पण?"

शिकलेला पोरगा. बरोबर तेच विचारलं. मांडवातल्या बायका पुढं सरकल्या. तुळसानं नातीच्या पदराआडून माझ्याकडं बघितलं, कुऱ्हाड उचलताना बघितलेलं तसंच.

"होतं," मी म्हटलं. "आता संपलं."